विश्लेषण : रंगवलेल्या जुन्या बंपरचे पोपडे का निघतात? घरी रंगवण्यापूर्वी तयारी कशी करावी?

पार्किंगमधला खांब, सिग्नलवर मागून आलेली दुचाकी, सोसायटीच्या फाटकाची कड. मोटारीला पहिला मार बसतो तो बहुतेक वेळा बंपरला. तो तडकला की नवा घ्यायचा की जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा वापरलेला आणायचा, हा प्रश्न येतो. वापरलेला स्वस्त पडतो, पण त्याचा रंग सहसा वेगळा असतो. मग स्प्रेचे डबे आणून सुटीच्या दिवशी घरीच रंग मारला जातो. पहिले काही दिवस तो झकास दिसतो. पुढे एखाद्या सर्व्हिस स्टेशनवर पाण्याचा जोरदार फवारा बसतो आणि रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून येतो. दोष रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा रंगाच्या आधी, तयारीत झालेली असते. ही तयारी घरी करता येते का, कशी करावी आणि कुठे थांबावे, याविषयी…

वापरलेल्या बंपरकडे लोक का वळतात?

पहिले कारण विम्याचे. वाहन विम्याच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे नव्या बंपरच्या किमतीतील निम्मा भार गाडीमालकावर येतो. ‘झीरो डेप्रिसिएशन’ची जोड घेतली असेल तर हा भार टळतो, पण दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ला कात्री लागते. हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. त्यामुळे लहान नुकसानीसाठी दावा न करता खिशातून खर्च करणे अनेकांना परवडते.

मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट या भागांत वाहनांच्या सुट्या भागांचे जुने बाजार आहेत. तिथे अपघातग्रस्त किंवा मोडीत काढलेल्या गाड्यांचे बंपर मिळतात. बिल मात्र मागून घ्यावे. चोरीच्या गाडीचा भाग नकळत गळ्यात पडू नये, यासाठी तेवढा एकच कागद हाताशी असतो.

दावा करायचा विचार असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहणी करेपर्यंत बंपरला हात लावू नये. आधी काढला-घासला की नुकसान सिद्ध करणे अवघड होते.

आपण ज्याला बंपर म्हणतो, तो खरेच धक्का झेलतो का?

बाहेरून दिसणारा रंगीत भाग म्हणजे फक्त आवरण. मोठा धक्का झेलण्याचे काम त्याच्या मागे असलेली आडवी पट्टी करते. अनेक गाड्यांत त्या पट्टीपुढे फोमचा थरही असतो. आवरण काढले की ही पट्टी आणि तिचे जोड उघडे पडतात. ती वाकली असेल, वेल्डिंग सुटले असेल किंवा फोम चेपला असेल तर वरून कितीही सुंदर रंग दिला तरी गाडी पुढच्या धक्क्याला उघडीच राहते. म्हणून आवरण उतरवल्यावर आधी मागचा सांगाडा पाहावा. शंका असेल तर तिथेच थांबून गाडी गॅरेजला न्यावी. रंगाची घाई नंतर.

प्लास्टिकवर रंग का टिकत नाही?

आजच्या बहुतेक मोटारींचे बंपर पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे ‘पीपी’ या प्लास्टिकचे असतात. त्यात लवचीकपणासाठी ईपीडीएम हे रबर आणि ताठपणासाठी टाल्क मिसळलेले असते. अंगणातल्या मोल्डेड खुर्च्या आणि स्वयंपाकघरातले डबे याच कुळातले. डब्यावरचा स्टिकर कोपऱ्यातून सहज सुटतो, खुर्चीवर सांडलेला ऑइलपेंट वाळल्यावर नखाने निघतो. कारण पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर द्रव नीट पसरत नाही आणि पसरला तरी पकड घेत नाही.

कारखान्यात यावर उपाय केलेला असतो. रंगापूर्वी बंपरच्या पृष्ठभागावरून क्षणभर ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर देतात. त्यामुळे पृष्ठभागाची रासायनिक घडण बदलते आणि रंगाला धरायला जागा मिळते. घरी खरवडलेल्या जागी ही प्रक्रिया केलेला थर निघून जातो. तिथे पत्र्यासाठीचा साधा प्रायमर मारला की खुर्चीवरच्या ऑइलपेंटसारखीच त्याची गत होते.

दुसरा फरक लवचीकपणाचा. बंपर हाताने दाबला तरी आत जातो आणि परत येतो. पत्र्यासाठीची लांबी किंवा ठिसूळ पुट्टी तसे करू शकत नाही. बंपर वाकला की ती तडकते आणि तडा वरच्या रंगातही उमटतो.

बंपर कोणत्या प्लास्टिकचा आहे हे कसे ओळखावे?

बंपर उलटा करून आतली बाजू पाहावी. दोन टोकदार कंसांच्या मध्ये रोमन अक्षरांत खूण कोरलेली असते. ‘पीपी’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ असेल तर प्लास्टिकसाठीचे खास प्रायमर लागणारच. ‘एबीएस’ असेल तर रंग तुलनेने सहज धरतो, पण त्याला थिनर सोसत नाही. जास्त थिनर चोळला तर पृष्ठभाग मऊ पडतो, तडकतो.

प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का पाहण्याची युक्ती काही कारागीर वापरतात. निव्वळ पीपी पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. पण टाल्क मिसळलेले पीपी बुडू शकते, त्यामुळे या चाचणीवर भिस्त ठेवू नये. आतली खूण अधिक भरवशाची.

खरेदीच्या वेळी आणखी काय पाहावे?

एकाच नावाच्या गाडीचे बंपर वर्षागणिक बदलतात. फेसलिफ्ट झाली की फॉगलॅम्पची खाच, ग्रिलचा आकार, क्लिपांच्या जागा वेगळ्या होतात. सेन्सरची भोके आहेत की नाहीत, टोइंग हुकचे झाकण आहे का, बाजूच्या फेंडरला अडकणारे लॉक शाबूत आहेत का, हे एकेक करून पाहावे. तुटलेल्या लॉकचा बंपर रंगानंतर कितीही चकचकीत दिसला, तरी हेडलाइटखाली फट दाखवत राहतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंगाआधी बंपर एकदा गाडीवर चढवून पाहावा. फटी सारख्या आहेत का, बोनेट नीट बंद होते का, दिवे बसतात का? रंगानंतर घासून-दाबून बसवण्याची वेळ आली तर नव्या रंगाची धूळधाण होते.

नंबरप्लेटचेही आधी ठरवावे. उच्च सुरक्षा नंबरप्लेट म्हणजे ‘एचएसआरपी’ एकदाच वापरता येणाऱ्या लॉकने बसवलेली असते. ती काढताना लॉक तुटते. त्यामुळे नवे लॉक अधिकृत विक्रेत्याकडून बसवून घेण्याची व्यवस्था करूनच बंपर उतरवावा.

आधी घासायचे की धुवायचे?

आधी धुवायचे. घरी होणारी सर्वांत मोठी चूक इथेच होते.

वापरलेल्या बंपरवर वर्षानुवर्षांचा मेणाचा थर असतो. डॅशबोर्ड आणि टायरला चमक आणणारे सिलिकॉनचे पॉलिश उडून बसलेले असते. डांबर, डिझेलचा धूर, हातांचे तेल हेही असतेच. अशा पृष्ठभागावर कोरडा पॉलिश पेपर चालवला की हा तेलकटपणा ओरखड्यांच्या आत दाबला जातो आणि मग पुसूनही निघत नाही. रंग मारल्यावर तिथे लहान, गोल खळगे पडतात. जणू रंग त्या ठिबक्यापासून अंग चोरतो. पेंटर याला ‘सिलिकॉन आलं’ म्हणतात. हे खळगे वरून आणखी रंग मारून बुजत नाहीत. सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

म्हणून क्रम असा : आधी भरपूर पाण्याने माती काढावी. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रवसाबण घालून आतून-बाहेरून दोनदा धुवावे. वॅक्स असलेला कार शॅम्पू इथे नको, कारण त्याचे काम थर काढणे नव्हे, थर सोडणे आहे. ग्रिलच्या खाचा आणि कडांच्या आतली घडी जुन्या टूथब्रशने साफ करावी. रंग सुटायला सुरुवात याच कडांपासून होते.

वाळल्यावर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर’ने पुसावे. पद्धत दोन फडक्यांची. एका ओल्या फडक्याने हातभर जागा पुसायची आणि ते द्रव वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. द्रव तसेच वाळू दिले तर विरघळलेला तेलकटपणा पुन्हा जागच्या जागी बसतो. फडके वारंवार बदलावे. धुतलेली जुनी सुती बनियन चालते. कपड्यांना मऊपणा आणणाऱ्या द्रवात धुतलेले फडके नको, त्याचाही थर उतरतो.

पेट्रोल किंवा रॉकेलने पुसण्याची सवय सोडावी. रॉकेल तेलकट थर सोडते आणि पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते.

पुसल्यानंतर उघड्या हाताने बंपरला स्पर्श करू नये. डोक्याला खोबरेल लावलेला हात एकदा फिरला तरी तेवढी जागा नासते. साधे नायट्रिलचे हातमोजे घालावेत.

जुना रंग पूर्ण काढावा का?

दर वेळी नाही. जुना रंग घट्ट असेल तर तोच उत्तम पाया ठरतो, कारण तो कारखान्यात प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकवर बसलेला असतो. तो घट्ट आहे का, हे तपासायला सोपी चाचणी आहे. न दिसणाऱ्या जागी धारदार कटरने रंगापुरत्या उभ्या-आडव्या पाच-सहा बारीक रेषा कापून लहान चौकटी कराव्यात. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर रंग ठेवावा. पट्टीबरोबर निघून आल्या तर त्या रंगावर काहीही मारणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे. तो पूर्ण उतरवावा.

उतरवताना पत्र्याचा रंग काढणारे रासायनिक रिमूव्हर वापरू नये. ते प्लास्टिकही खाते. हीटगनही जपून, कारण पीपी उष्णतेने मऊ होऊन आकार सोडते. सुटलेले पोपडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत आणि उरलेले पेपरने घासावेत. वेळ लागतो, पण बंपर शाबूत राहतो.

रंग काही ठिकाणीच उडाला असेल तर उडालेल्या जागेची कड पायरीसारखी ठेवू नये. पेपरने ती उतरती करावी. बोट फिरवल्यावर उंचवटा लागला नाही की ती जमली. बोटाला जाणवणारी पायरी रंगानंतर डोळ्याला हमखास दिसते.

तडा आणि पोचा घरी दुरुस्त होतो का?

साधा पोचा होतो. पीपी उष्णतेने मऊ होते, हा गुण इथे कामी येतो. पोच्यावर उकळते पाणी ओतून आतून जाड कापडाच्या बोळ्याने दाबले की तो बऱ्याचदा बाहेर येतो. लगेच थंड पाणी ओतले की आकार टिकतो. हातात जाड मोजे हवेत आणि मुले दूर.

तडा मात्र वरून पुट्टी लिंपून झाकता येत नाही. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूने प्लास्टिक वेल्डिंग करून घ्यावे. त्यासाठीची पट्टी बंपरच्याच जातीची, म्हणजे पीपीला पीपीची हवी. घरातले झटपट चिकटणारे गोंद पीपीला धरत नाहीत आणि धरले तरी वाकताना सुटतात. हे काम बाजारात करून घेणेच शहाणपणाचे. तडा लॉकपाशी किंवा सेन्सरच्या भोकापाशी असेल तर दुसरा बंपर शोधलेला बरा.

वरचे ओरखडे भरायला ‘प्लास्टिक बंपर पुट्टी’ म्हणून मिळणारी लवचीक पुट्टीच घ्यावी. थर पातळ ठेवावा. दोन भागांची पुट्टी कोरडीच घासावी. अनेक गॅरेजमध्ये ती पाणी मारून घासतात, पण पुट्टी पाणी शोषते. ते आत अडकून राहिले तर पुढे रंगावर फोड येतात.

कोणता पेपर, किती घासायचे?

पेपरवरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. घरच्या कामाला चार-पाच नंबर पुरतात.

पुट्टीचा आकार काढायला १८० ते २४०. उडालेल्या रंगाच्या कडा उतरत्या करायला २४०, मग ३२०. घट्ट असलेल्या जुन्या रंगाची चमक मारायला ४००. प्रायमरवर शेवटचा हात ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात थेंबभर साबण घालून. चंदेरी किंवा मेटॅलिक रंगाखाली शेवटचे ओरखडे बारीकच हवेत, नाहीतर ते रंगातून डोकावतात.

उघड्या पीपीवर जाड पेपर चालवला की त्यावर लोकरीसारखे रोवे उठतात आणि रंगानंतर ते खरखरीत दिसतात. तिथे ३२०च्या खाली उतरू नये. वळणांवर आणि खाचांत पेपरऐवजी करड्या रंगाचा स्कफ पॅड वापरावा. भांडी घासायच्या हिरव्या चौकोनासारखाच तो असतो, पण बारीक.

सपाट भागावर पेपर नुसत्या बोटांनी धरू नये. बोटांचा दाब रेषांसारखा उमटतो. रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्याला गुंडाळून घासावे. बंपर दोन स्टुलांवर जुनी गोधडी टाकून ठेवावा. अधांतरी लोंबकळत ठेवून घासला तर तो हलतो आणि जुन्या रंगाला नवे तडे जातात.

घासणे पुरेसे झाले का? उजेडाकडे तिरपे धरून पाहावे. एकही चमकदार ठिपका उरला नसेल तर झाले. चमकतो तिथे पकड नाही.

प्रायमर एक की दोन?

उघडे प्लास्टिक दिसत असेल तर दोन. पहिला ‘अॅढीजन प्रमोटर’ किंवा ‘प्लास्टिक प्रायमर’. तो बहुधा पारदर्शक असतो आणि पीपीला धरणाऱ्या खास रेझिनचा असतो. कारखान्यातली ज्योत जे काम करते, तेच हा आपल्या परीने करतो. याचे एक-दोन अगदी पातळ हात पुरतात. जाड मारला तर तोच कमकुवत थर ठरतो. तो घासायचा नसतो. पुढचा थर किती मिनिटांच्या आत द्यायचा, हे डब्यावर लिहिलेले असते. ती वेळ टळली की पकड उतरते.

दुसरा ‘सरफेसर’ म्हणजे घासता येणारा भराव प्रायमर. दोन-तीन हात, प्रत्येक हातामध्ये डब्यावर सांगितलेली विश्रांती. पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करून ६०० नंबरने घासले की खोलगट जागी काळे ठिपके उरतात. खड्डा कुठे राहिला, हे रंगापूर्वीच कळते.

झाकायचे भाग मास्किंग टेप आणि खाकी कागदाने झाकावेत. वर्तमानपत्राचा कागद टाळावा. थिनर त्यातून झिरपतो आणि शाई खालच्या पृष्ठभागावर उतरू शकते.

हे काम कोणत्या दिवसांत करावे?

महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका, धुरकट पडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलट होते. रंगाचे थेंब बंपरवर पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. हिवाळ्यातही दव ओसरल्यावर, सावलीत काम करावे. तापलेल्या गच्चीवर बंपर वाळत टाकू नये. उन्हात नीट आधाराशिवाय ठेवलेला बंपर आकार बदलतो.

वॉटर पेपरचे पाणी घड्यांत साठून राहते आणि रंग मारताना नेमके ओघळते. म्हणून धुतल्या-घासल्यावर किमान एक रात्र बंपर वाळू द्यावा.

शेवटचा रंगही घरीच मारावा का?

इथे थांबून विचार करायला हवा. बाजारातले टिकाऊ क्लिअर कोट बहुधा दोन भागांचे, म्हणजे हार्डनर मिसळायचे असतात. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातील रसायने असतात. ती श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. कापडी रुमाल, सर्जिकल मास्क किंवा ‘एन-९५’ ही वाफ अडवत नाहीत. अशा रंगकामासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारे बूथ लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते शक्य नसते. शिवाय ती वाफ शेजारच्या खिडकीतही जाते.

आगीचा धोका वेगळाच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. तळघरातल्या पार्किंगमध्ये ती साचून राहते. विजेचे बटण, गॅस गीझर, दुचाकीची किक, यांपैकी कोणतीही ठिणगी पुरते. म्हणून प्रायमरचे स्प्रेही उघड्यावर, सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या कार्बन काडतुसांचा मास्क घालूनच मारावेत. कोरडे घासताना धुळीचा मास्क आणि चष्मा हवाच. थिनरची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत.

व्यवहार्य मार्ग असा, की तयारी घरी आणि शेवटचा रंग बूथमध्ये. धुणे, घासणे, पुट्टी, प्रायमर यांतच मजुरीचा मोठा भाग असतो आणि घाईच्या गॅरेजमध्ये हेच टप्पे आखडते घेतले जातात. तयार बंपर पेंटरकडे नेण्याआधी त्याला विचारून घ्यावे. आपण वापरलेला प्रायमर त्याच्या रंगाला चालतो का, हे तोच सांगू शकतो. गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली असलेल्या पट्टीवरचा रंगाचा कोड सोबत न्यावा. मात्र कोड तोच असला तरी उन्हाने विटलेल्या जुन्या पत्र्याशी नवा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. आधी पट्टीवर नमुना मारून दिवसाच्या उजेडात गाडीला लावून पाहावा.

सेन्सर आणि रडारचे काय?

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्यामुळे मागचा बंपर ही आता नुसती शोभेची वस्तू राहिलेली नाही. हे सेन्सर रंगापूर्वी काढून ठेवावेत. त्यांच्या गोल तोंडावर रंगाचे जाड थर बसले तर ध्वनिलहरींवर परिणाम होतो आणि मागे उभे असलेले मूल किंवा खांब वेळेत कळत नाही.

चालकाला साहाय्य करणाऱ्या ‘अॅडास’ यंत्रणेच्या काही गाड्यांत बाजूचे वाहन ओळखणारे रडार बंपरच्या आतच बसवलेले असते. बाहेरून त्याची खूणही दिसत नाही. त्या जागी पुट्टी, दुरुस्तीचा तुकडा किंवा रंगाचे अनेक थर आले तर रडारच्या लहरी अडू शकतात. अशा गाडीचा बंपर घरी रंगवण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारणे आवश्यक आहे.

एकूण वेळ किती लागतो?

दोन शनिवार-रविवार धरून चालावे. पहिल्या दिवशी बंपर गाडीवर चढवून पाहणे, धुणे आणि पुसणे. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीची चाचणी, पोचे काढणे, पुट्टी. मधले दिवस वाळण्यासाठी. पुढच्या शनिवारी घासणे, पुन्हा पुसणे आणि दोन्ही प्रायमर. रविवारी शेवटचा ६००चा हात. त्यानंतर बंपर स्वच्छ चादरीत गुंडाळून, बोट न लावता पेंटरकडे.

रंग मारायला अर्धा तास लागतो, तर तयारीला चार दिवस. हे प्रमाण उलटे केले की बंपर पुन्हा स्टुलावर येतो. आणि दुसऱ्या वेळी जुन्याबरोबर नवा रंगही खरवडावा लागतो.